जामखेड की गडचिरोली? : न झालेल्या एका तुलनेचा इतिहास

महाराष्ट्रातील ग्रामीण आरोग्याविषयी मराठीत जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात जामखेड आणि गडचिरोली ही दोन नावे बहुधा जोडीनेच येतात. दोन्हीकडे एक डॉक्टर दांपत्य, दोन्हीकडे शहरातली प्रॅक्टिस नाकारण्याचा निर्णय, दोन्हीकडे गावातल्याच बायांच्या हाती दिलेली औषधांची पेटी. इथवर जोडी जमते. पण चर्चा थोडी पुढे सरकली की कोणीतरी हमखास विचारतो, या दोहोंपैकी अधिक मुले कोणत्या पद्धतीने वाचली? आणि आश्चर्य असे की, या प्रश्नाला ठामपणे उत्तर देणारेही निघतात. आम्हा नगरकरांचे उत्तर बहुधा ठरलेले असते. विदर्भातील मित्रांचेही ठरलेले असते. दोघांच्याही हाती आकडे असतात आणि ते आकडे खोटे नसतात.

प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंत श्रेष्ठ कोण हा नाही. या दोन पद्धती एकमेकींसमोर कधी उभ्याच केल्या गेल्या नाहीत. एका जिल्ह्यातील काही गावांत जामखेडची पद्धत, काही गावांत गडचिरोलीची पद्धत, आणि मग दोहोंची मोजदाद, असा प्रयोग आजवर झालेला नाही. तरीही आपण तुलना करतो. ती कशाच्या आधारावर करतो आणि त्या आधाराला किती वजन द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाही. इतिहासाच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो चांगलाच ओळखीचा वाटावा.

प्रत्यक्ष तुलना म्हणजे काय, याचा एक जुना दाखला मुंबईत सापडतो. १८९७ च्या जानेवारीत, प्लेगच्या थैमानात, वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात ती कैद्यांना दिली. जे टोचून घ्यायला तयार झाले त्यांना टोचली, उरलेले तसेच राहिले. एकच भिंत, एकच अन्न, एकच साथ. पुढचे काही दिवस दोन्ही गटांत प्लेग किती जणांना होतो हे मोजले गेले. आज या प्रयोगावर आक्षेप घेता येतात (स्वखुशीने पुढे येणारा कैदी आणि मागे राहणारा कैदी सारखेच असतील असे नाही), पण दोन गट एकाच छताखाली आणि एकाच वेळी समोरासमोर होते, हे त्याचे बळ कोणी हिरावून घेऊ शकत नाही. जामखेड आणि गडचिरोली यांच्यामध्ये मात्र महाराष्ट्राची जवळजवळ सगळी रुंदी आहे, आणि दोन तपांचे अंतर आहे.

जामखेड हा अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) आग्नेय कोपरा. एका अंगाला बीड, एका अंगाला उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, खाली सोलापूर. प्रवरेच्या पाण्यावर पोसलेला उत्तर नगर जिल्हा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा भाग त्याच जिल्ह्यात आहे हे पटायला वेळ लागतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. १९६० च्या दशकात त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तिथे त्यांना जे दिसले ते अनेक डॉक्टरांना दिसते, पण फार थोड्यांना अस्वस्थ करते. बरा करून पाठवलेला रोगी त्याच आजाराने परत येतो, आणि ज्यांना खरोखर रुग्णालयाची गरज असते ते तर येतच नाहीत. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना गावात ठेवून पाहिले. ते जमले नाही. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या तरुण मुलीचे ऐकणार कोण? मग गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळदा दलित समाजातील, मध्यमवयीन स्त्रियांना शिकवण्याचे ठरले. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, शिकत, आणि शिकलेले गावात नेत. जुलाब झालेल्या मुलाला मीठसाखरेचे पाणी, गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, लसीकरण, कुष्ठरोग्याला घरात ठेवून उपचार. आणि त्याबरोबरच विहीर, झाडे, महिला मंडळ, शेतकरी मंडळ. आरोग्याची नेमकी एखादी गोष्ट वेगळी काढून ‘हा उपचार’ असे म्हणता येऊ नये, इतके सगळे एकमेकांत विणलेले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडवर एक प्रकरण आले, आणि १९७८ मध्ये अल्मा-आता येथे प्राथमिक आरोग्याची जी जागतिक घोषणा झाली, तिच्यामागे ज्या थोड्या उदाहरणांचे पाठबळ होते त्यांत जामखेड होते. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला तो या पार्श्वभूमीवर.

आता तो प्रसिद्ध आकडा. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. १९७६ मध्ये हा दर ५२ वर आला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो २४ च्या आसपास होता. १७६ वरून २४, म्हणजे ८६ टक्क्यांची घट. हा आकडा इतक्या वेळा छापला गेला आहे की तो जामखेडच्या नावाचाच एक भाग होऊन बसला आहे.

परंतु ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यामध्ये केवळ आरोळे नव्हते. त्याच काळात महाराष्ट्रात रस्ते झाले, रोजगार हमी आली, देवीचा रोग नाहीसा झाला, गोवर-घटसर्पाच्या लसी आल्या, मुली शाळेत जाऊ लागल्या. नमुना नोंदणी पाहणीनुसार संपूर्ण महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर १९७१ मध्ये १०५ होता. २००४ मध्ये तो ३६ झाला. आता शाळेत शिकलेले त्रैराशिक मांडू. जामखेडची गावे राज्याच्याच गतीने सुधारली असती, तर १७६ चे किती झाले असते? साठ. प्रत्यक्षात झाले २४. म्हणजे प्रकल्पाच्या पदरात टाकता येईल अशी घट ८६ टक्के नव्हे, फार तर ६० टक्के.

या त्रैराशिकावरही मला फार भरवसा नाही. राज्याच्या आकड्यात मुंबई आहे, पुणे आहे, कोल्हापूर आहे. जामखेडच्या कोरडवाहू गावाची तुलना गिरगावातल्या चाळीशी करून आपण काय सिद्ध करणार? शिवाय १७६ हा आकडा ज्या काळातला आहे तो काळ ध्यानात घ्यायला हवा. १९७० ते ७३ ही महाराष्ट्राच्या दुष्काळाची वर्षे. वाईट वर्षात मोजणी सुरू केली, की नंतरचे कोणतेही साधारण वर्ष सुधारणेसारखे दिसते. जुन्या कागदपत्रांवर काम करणाऱ्यांना हा सापळा ठाऊक असतो; दुष्काळी सालाच्या वसुलीवरून एखाद्या परगण्याची योग्यता कोणी ठरवीत नाही.

जामखेडची शेजारच्या गावांशी रीतसर तुलना व्हायला प्रकल्प सुरू झाल्यापासून चाळीस वर्षे लागली. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रकल्प पोहोचलेली गावे एका बाजूला, त्याच परिसरातली न पोहोचलेली गावे दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडच्या स्त्रियांना त्यांच्या बाळंतपणांचा सारा इतिहास विचारला गेला, किती मुले झाली, किती जगली, गेलेली केव्हा गेली. आईचे शिक्षण, घरची स्थिती, नैसर्गिक आपत्ती यांचा हिशेब वेगळा काढला. निष्कर्ष असा की, पहिला महिना ओलांडलेल्या मुलाचा पाच वर्षांच्या आत मरण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. खरा आकडा ६ ते ४८ टक्के यांच्या दरम्यान कुठेही असू शकेल. पहिल्या महिन्यातील मृत्यूंत मात्र दोन्हीकडे फरक आढळला नाही.

८६, मग ६०, मग ३०. एकच प्रकल्प, तीच गावे, तीच माणसे. बदलत गेले ते एवढेच की आपण जामखेडला कशाशेजारी ठेवले: त्याच्याच भूतकाळाशेजारी, साऱ्या राज्याशेजारी, की वेशीपलीकडच्या गावाशेजारी. आणि या तिसऱ्या आकड्यालाही अंतिम मानता येत नाही. जामखेडचे रुग्णालय बाजाराच्या गावी आहे. प्रकल्पाबाहेरच्या गावातली अडलेली बाई तिथे आली तर तिला गावाचे नाव विचारून परत पाठवले जात नसणार. प्रकल्पाच्या गावात दिलेली लेक शेजारच्या गावी माहेरपणाला जाते, आणि मीठसाखरेच्या पाण्याची कृती तिच्याबरोबर जाते. ज्या गावांना आपण ‘न पोहोचलेली’ म्हणतो त्यांच्यापर्यंतही जामखेड थोडेफार पोहोचले असणार, आणि तेवढा फरक कमी दिसणार. त्याउलट, ज्या गावांनी प्रकल्पाला आपणहून बोलावले ती आधीपासूनच थोडी अधिक जागी असणार, आणि तेवढा फरक जास्त दिसणार. या दोन चुका एकमेकींना छेदतात की नाही, हे बाहेरून सांगता येत नाही.

गडचिरोलीची कथा निराळ्या वळणाची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तिथे ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम सुरू केले. (तेही जॉन्स हॉपकिन्सचेच विद्यार्थी, दोन्ही वाटा बाल्टिमोरमधून जातात ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.) बंगांनी पहिल्यापासून मोजणीला कामाचाच भाग मानले. १९९३ ते ९५ अशी दोन वर्षे त्यांनी नवजात बालकांविषयी आधी नुसते पाहिले आणि मोजले, नंतर हस्तक्षेप केला. ३९ गावांत आरोग्यदूत नेमल्या; उरलेली ४७ गावे तुलनेसाठी. आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचे वजन घेई, त्याला ऊब मिळते का पाहे, श्वास अडकलेल्या बाळाला मदत करी, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्सॅझोल देई. खेड्यातल्या जेमतेम शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचे, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना सहन होण्यासारखी नव्हती. १९९९ च्या डिसेंबरात ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. हस्तक्षेपाच्या गावांत नवजात मृत्युदर ६२ वरून २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो ५८ होता, तो ६० झाला. निव्वळ घट ६२ टक्के.

आता दोन्ही पक्षांचे युक्तिवाद कसे तयार होतात ते वाचकांच्या लक्षात आले असेल. नगरकर म्हणतो, आमची घट ८६ टक्के, तुमची ६२. विदर्भवासी म्हणतो, तुमची खरी घट ३० टक्के आणि नवजातांत तर शून्य, आमची ६२. पहिल्या हिशेबात जामखेड श्रेष्ठ, दुसऱ्यात गडचिरोली. पहिला हिशेब तर बाद करायला हरकत नाही, कारण त्यात एका बाजूला वर्षभराच्या आतले मृत्यू आहेत आणि दुसऱ्या बाजूला केवळ पहिल्या महिन्यातले. एकीकडे तीन दशके आहेत आणि दुसरीकडे तीन वर्षे. दुसरा हिशेब अधिक शास्त्रीय दिसतो. दोन्हीकडे तुलनेची गावे आहेत. जामखेड आणि ‘काही नाही’, गडचिरोली आणि ‘काही नाही’; मधले ‘काही नाही’ खोडून टाकले की जामखेड आणि गडचिरोली समोरासमोर येतात. वैद्यकशास्त्रात यालाच अप्रत्यक्ष तुलना म्हणतात.

ही रीत आडाणीपणाची नव्हे. एका रोगावर दहा औषधे असतात आणि प्रत्येक जोडीची चाचणी घेणे कोणालाच परवडत नाही. औषध कंपन्या तर आपल्या औषधाची झुंज प्रतिस्पर्ध्याशी लावण्यापेक्षा साखरेच्या गोळीशी लावणे पसंत करतात. म्हणून १९९७ मध्ये बुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली, आणि पुढच्या काही वर्षांत अशा अनेक तुलनांचे जाळे विणून सगळ्या उपचारांची एकत्र क्रमवारी लावण्याचे गणित तयार झाले. बुकर यांच्या लेखातले उदाहरण मोठे बोलके आहे. एचआयव्हीच्या रुग्णांना होणारा एक विशिष्ट न्यूमोनिया टाळण्यासाठी को-ट्रायमोक्सॅझोल चांगले की डॅप्सोनवर आधारलेला उपचार, हा प्रश्न होता. पहिले औषध गडचिरोलीच्या आरोग्यदूतांच्या पेटीतले, दुसरे कुष्ठरोगाचे, म्हणजे जामखेडच्या गावांना ओळखीचे. हा निव्वळ योगायोग. दोन्ही औषधांची तुलना पेंटामिडीन नावाच्या तिसऱ्या औषधाशी झालेली होती, आणि सुदैवाने थेट एकमेकांशीही झालेली होती. त्यामुळे ताळा पाहता आला. तिसऱ्या औषधामार्गे हिशेब केला तेव्हा को-ट्रायमोक्सॅझोलच्या बाजूने गुणोत्तर ०.३७ निघाले, थेट तुलनेत ते ०.६४ होते. दिशा एकच, पण आडवाटेने आलेल्या आकड्याने फरक बराच फुगवला होता. दोन्ही औषधे उत्तम चाचण्यांतून आलेली, तरीही.

हे का होते, यासाठी मला विहिरीचे उदाहरण सुचते. एक दोर पाण्यापर्यंत पुरत नाही म्हणून आपण दोन दोर गाठ मारून जोडतो. भरलेला पोहरा वर येईल की नाही, हे दोहोंपैकी जो दोर कच्चा आहे त्यावर ठरते. पक्क्या दोराचा पक्केपणा तिथे उपयोगी पडत नाही. आणि दोन्ही दोर पक्के असले तरी गाठ कशी बसली आहे हा प्रश्न शिल्लक राहतोच. पुराव्याची खात्री ठरवणाऱ्या ‘ग्रेड’ या आंतरराष्ट्रीय गटाने (तो २००० पासून काम करतो) २०१४ साली अप्रत्यक्ष तुलनांसाठी जो नियम दिला, तो जवळजवळ हाच आहे. खात्रीच्या चार पायऱ्या: उच्च, मध्यम, कमी, अतिकमी. दोन प्रत्यक्ष तुलनांपैकी जिची पायरी खालची, तीच अप्रत्यक्ष तुलनेची पायरी. आणि गाठ सैल आहे असे वाटले तर आणखी एक पायरी खाली.

हा नियम आपल्या प्रश्नाला लावून पाहू. चिठ्ठ्या टाकून गट न पाडलेले अभ्यास ‘ग्रेड’च्या रीतीने ‘कमी’ पासूनच सुरू होतात. जामखेड तसा, गडचिरोलीही तसाच, कारण बंगांनीही कोणत्या गावात काम करायचे ते चिठ्ठीने ठरवले नव्हते. मात्र परिणाम फार मोठा असेल तर पायरी वर चढवता येते. धोका निम्म्याहून कमी झाला असेल, तर केवळ निवडीच्या दोषाने एवढा फरक पडणे अवघड, असा त्यामागचा विचार. गडचिरोलीला ही सवलत मिळू शकते. जामखेडच्या ३० टक्क्यांना मिळत नाही, त्यातून ६ ते ४८ हा पसारा. म्हणजे गडचिरोली ‘मध्यम’ आणि जामखेड ‘कमी’ धरली, तरी दोहोंच्या तुलनेची खात्री ‘कमी’ पेक्षा वर जाऊ शकत नाही.

उरली गाठ, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. मधले ‘काही नाही’ दोन्हीकडे एकच होते का? गडचिरोलीच्या तुलनेच्या गावांत १९९० च्या दशकात हजारामागे साठ नवजात बालके दगावत होती. तिथे करण्यासारखे पुष्कळ होते आणि करणारे कोणी नव्हते. जामखेडशेजारच्या गावांजवळ मात्र कित्येक वर्षे चालत आलेले एक रुग्णालय होते. एकीकडे ‘काही नाही’ म्हणजे खरोखरच फारसे काही नाही, दुसरीकडे ‘काही नाही’ म्हणजे जामखेडचीच पडछाया. मोजणीही वेगळी: गडचिरोलीत जन्म-मृत्यू घडतील तसे नोंदले गेले, जामखेडमध्ये आईच्या आठवणीतून मागे जाऊन. दोन दिवस जगून गेलेल्या मुलाची आठवण वीस वर्षांनी कोणती आई सांगेल आणि कोणती गिळून टाकेल? शासकीय नोंदींत तर असे मृत्यू किती गळतात, हे २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्राला दाखवून दिलेच आहे. नवजातांतला जामखेडचा ‘शून्य फरक’ या गळतीतूनही आलेला असू शकतो.

आम्हा मराठीच्या मंडळींना हे सगळे पाठचिकित्सेच्या भाषेत लवकर समजते. याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला. समजा, एका अभ्यासकाने एक पोथी एकनाथी प्रतीशी ताडून पाहिली आणि भेद मोजले. दुसऱ्याने दुसरी पोथी एकनाथी प्रतीशी ताडली. आता दोन्ही यादीतले भेद वजा करून त्या दोन पोथ्या एकमेकींपासून किती दूर आहेत हे सांगता येईल का? येईल, पण दोघांच्या टेबलावर एकच एकनाथी प्रत असेल तरच. आणि हस्तलिखितांच्या जगात ‘एकनाथी प्रत’ म्हणवणाऱ्या पोथ्याही एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून जी प्रत छापली, तिच्यावरून झालेला वाद अखेर याच प्रश्नापाशी येतो की, आपण ज्याला स्थिर मापदंड समजतो तो खरोखर स्थिर आहे का. वैद्यकातले संख्याशास्त्रज्ञ ज्याला साधारण तुलनाबिंदू म्हणतात, ती आपली मधली प्रत.

तेव्हा जामखेड आणि गडचिरोली यांच्या तुलनेची खात्री ‘अतिकमी’. याचा अर्थ दोन्ही सारखेच, असा नाही. आणि दोन्ही निरुपयोगी, असा तर मुळीच नाही. कोण पुढे हे या पुराव्यावरून ठरवता येत नाही, एवढाच. दोहोंपैकी प्रत्येकाने मुले वाचवली याविषयीची खात्री आणि कोणी अधिक वाचवली याविषयीची खात्री, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या सभासमारंभांत त्यांची सतत सरमिसळ होते.

यात पणाला काय लागले होते, हे पाहायचे तर शासनाच्या धोरणाकडे वळायला हवे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावोगावी ‘आशा’ नेमल्या गेल्या. गावातलीच बाई, गावासाठी: या कल्पनेच्या पूर्वजांत जामखेडचे नाव आदराने घेतले गेले. पण २०११ साली आशांच्या हाती नवजात बालकाचे जे काम दिले गेले, ते गडचिरोलीचे: ठरलेल्या दिवशी घरभेट, वजन, तापमान, नोंद. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात. असे का घडले? एक कारण उघड आहे. गडचिरोलीचा हस्तक्षेप वेगळा काढता येत होता, आणि वेगळा काढता येत असल्याने दुसरीकडे तपासताही आला. बांगलादेशात सिल्हेटला आणि उत्तर प्रदेशात शिवगढला २००८ मध्ये, पाकिस्तानात हालाला २०११ मध्ये घरभेटींवर आधारलेल्या कामाच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, या वेळी गावांचे गट चिठ्ठीने पाडून. नवजात मृत्यूंत सिल्हेटला सुमारे ३४ टक्के, शिवगढला ५४ टक्के, हालाला १५ टक्के घट. प्रत्येक ठिकाणची कामाची यादी थोडी निराळी होती, पण गडचिरोलीचा ६२ हा आकडा कुठेच पुन्हा दिसला नाही. तरीही तिन्हीकडे घट होती, आणि खात्री वाढली ती तिच्यामुळे. आकडा लहान होत गेला आणि विश्वास मोठा होत गेला, हे आपल्या गौरवग्रंथांच्या शैलीला न मानवणारे सत्य आहे.

जामखेडच्या वाट्याला हे आले नाही. विहीर, महिला मंडळ, जातीची उतरंड मोडून दलित बाईच्या हातून औषध घेणारे सवर्ण घर, कुष्ठरोग्याला पंगतीत बसवणारे गाव: हे सगळे एकत्र उचलून सिल्हेटला नेऊन चिठ्ठी टाकून तपासायचे कसे? ज्या गोष्टीची चाचणी घेता येते तिच्याविषयीची खात्री वाढत जाते, आणि धोरण तिच्या मागे जाते. मला यात कोणाचा कट दिसत नाही. पण पुराव्याची पायरी ‘कमी’ असणे आणि कामाची किंमत कमी असणे यांत धोरणकर्त्यांनी नेहमी भेद केला, असेही म्हणवत नाही. ‘कमी’ म्हणजे पुढच्या अभ्यासाने आपले मत बदलण्याची शक्यता बरीच आहे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आणि जामखेडबाबत पुढच्या अभ्यासाची वाट फारशी कोणी पाहिली नाही.

डॉ. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये, म्हणजे गडचिरोलीची पद्धत देशभरच्या आशांच्या हाती पडली त्याच वर्षी. तेव्हापासून जामखेड तालुक्यातही आशा आहेत आणि नवजात बालकाच्या घरी त्यांच्या भेटी गडचिरोलीच्या धर्तीवर ठरलेल्या दिवशीच होतात. ज्या गावांत पन्नास वर्षांपूर्वी आरोळ्यांची पहिली कार्यकर्ती दारोदार फिरली, तिथे आज दोन्ही पद्धती एकाच उंबऱ्यावर येऊन मिळाल्या आहेत. महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २०२० च्या पाहणीनुसार १६ होता. आता ती तुलना करायची म्हटले, तरी मधले ‘काही नाही’ म्हणून दाखवता येईल असे गाव उरलेले नाही.